खाली ठेवा

सात वर्षं डावी मूठ मिटलेली आहे.
मनगटाच्या वर चार बोटं हात संपतो,
तिथून पुढं काही नाही,
आणि त्या काही-नाहीत नखं रुततात.

रात्री खुर्शिद उशीवर तेल चोळायची,
मी सांगेन तिथं.
"हितं?" "जरा खाली. अंगठ्याच्या बुडाला."
पहिल्यांदा दोघंही हसलो होतो.
अभ्रा पिवळा पडला तसं हसू गेलं.

मिरजेत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
पद्मजा उपाध्ये कॉम्प्युटरवर नाव घालते.
शिकलगार, दस्तगीर.
"दस्तगीर म्हणजे काय हो?"
"हात धरणारा."
तिची बोटं कीबोर्डवर थांबतात.
"हसा की. गावानं हसून घेतलंय कवाच."

मग थोट्या हातावर आठ बटणांचा पट्टा,
बटणं गार, जुन्या चाराण्यांएवढी.
पडद्यावर आठ रेघा.
म्हणाली, मांस शिल्लक आहे तिथवर
मेंदूचं टपाल अजून रोज येतं,
घेणारं घर तेवढं पडलंय.
हे यंत्र ती पत्रं वाचायला शिकेल.

"करंगळी दुमडा."
दुमडली.
"आता चिमूट."
केली.
"मनगट फिरवा, कुलपात किल्ली फिरवतात तसं."
फिरवलं.
आठही रेघा ताठ, दर वेळी तशाच,
दसऱ्याच्या रात्री माना वर करून
उभ्या राहिलेल्या गावासारख्या.
यंत्राला सगळं एकच अक्षर दिसत होतं.

ती खुर्ची ओढून जवळ बसली.
"मामा, हातात काय धरलंय?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.
पोलिसांनी विचारलं ते परवान्याचं.

औट.
लाकडाचा, आतून कोरलेला, वीतभर.
सोरा, गंधक, कोळसा.
उजव्यानं ठोकायचं, डाव्यानं धरायचं,
आमच्यात आज्यापासून असंच.
ठोका चुकला की दारू चुकली, कुणाला ठाऊक.
उजेड आठवतो. आवाज आठवत नाही.
सोड, असं हाताला सांगायचं राहूनच गेलं.

पद्मजा 'उघडा' म्हणाली नाही.
दारातून ओझं घेऊन आलेल्याला म्हणावं तसं म्हणाली,
"खाली ठेवा."

कुठं ठेवू?
खोलीत दाराशी गोणपाट अंथरलेलं असायचं,
भरलेले औट त्यावर ओळीनं.
डोळे मिटून तिथवर गेलो.
वाकलो.
घाई केली नाही, दारूच्या कामात करत नाहीत.
करंगळी सुटली. मग तिच्या शेजारची.
अंगठा सगळ्यांत शेवटी.

टेबलावर, तिचा डबा आणि पाण्याची बाटली यांच्या मधे
एक काळा हात पडला होता, वायर लावलेला.
तो घूंऽ करत उघडला.

नंतरची गोष्ट साधी आहे.
कागदी कप चुरगळले अकरा, त्यातले दोन चहासकट.
बेदाणा उचलता येतो, तासगावचा, हिरवा,
तिसऱ्या खेपेला.
किती दाबलं ते दंडावरची थरथर सांगते.
तिची बोली अजून नीट कळत नाही.
हात ट्रायलचा आहे, मार्चअखेर परत द्यायचा.
पुढचं पुढं.
एसटीत कंडक्टरनं तिकीट त्याच्याच बोटांत दिलं,
वर न बघता,
मी ते तासगावपर्यंत खिशात घातलं नाही.

रात्री तो मोबाइलशेजारी चार्जिंगला असतो.
खुर्शिद सवयीनं तेलाची वाटी घेऊन येते,
उशीकडं बघते.
"कसा हाय?"
"पडलाय."
"मिटलेला?"
"न्हाई. उताणा. काय करावं कळंना झालंय त्याला."

ती दिवा घालवते
आणि जरा सरकून निजते,
त्याला जागा करून.